फाईल कोणाच्या पिशवीत?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. सोयाबीनची रास, मग दिवाळी, मग पाहुणेरावळे... कारणं नेहमीचीच. पण एक विषय कित्येक महिने डोक्यात घोळतोय, तो आज उतरवून टाकतो. आधीच सांगतो, विषय पोटाचा आहे, आणि त्यातही संडासाचा. जेवताना वाचत असाल तर आधी ताट आवरून या. :-)

नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना चार ओळींतच कळेल की मी कुणाबद्दल लिहितोय. त्याला विचारूनच लिहितोय. "मामा, लिहा, पण नाव टाकू नका" एवढीच त्याची अट. म्हणून इथे तो फक्त 'भाचा'.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याकडे लहान मुलाला जन्मभराचा आजार झाला की सगळं घर त्याच्यासाठी उभं राहतं. पण ते मूल मोठं होणार आहे आणि एक दिवस स्वतःचा आजार त्यालाच सांभाळायचा आहे, याची तयारी कोणीच करून घेत नाही. ना घर, ना दवाखाना, ना सरकार. आणि ही तयारी १८ व्या वाढदिवसाला नाही, १२-१३ व्या वर्षी सुरू व्हायला हवी.

आता आजाराबद्दल. आतड्याचे दोन हट्टी आजार आहेत. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त आणि आव पडते. दुसरा क्रोन्स. १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तीन डॉक्टरांनी तो नीट मांडला, त्यातल्या पहिल्याचं नाव त्याला चिकटलं. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. दोन्हींना मिळून डॉक्टर 'आयबीडी' म्हणतात. (आयबीएस वेगळं. त्यात आतड्याला व्रण नसतात. ही दोन नावं आपल्याकडे सर्रास एकमेकांत मिसळली जातात.) शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर उठते, असं काहीसं होतं. का होतं ते पूर्ण उलगडलेलं नाही. आईच्या हातच्या तिखटामुळे होत नाही, एवढं नक्की! गोळ्या घेतल्या की आजार महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं शांत राहतो. पण जात नाही. मधेच उसळतो.

भाच्याला हे पाचवीत सुरू झालं. आधी 'उष्णता', मग 'मूळव्याध', मग 'आव'. कळंबमध्ये ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. ताक, बेलफळ, येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस, सगळं झालं. एका ठिकाणी टीबीची शंका निघाली. ही शंका उगाच नसते बरं का. आपल्या देशात आतड्याचा टीबी भरपूर आहे, आणि तो आणि क्रोन्स दुर्बिणीतूनसुद्धा इतके सारखे दिसतात की भलेभले डॉक्टर अडतात. शेवटी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली, तुकडा तपासला आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस असं निदान झालं. तेव्हा तो साडेअकरा वर्षांचा होता.

पुढची पाच वर्षं माझी बहीण म्हणजे चालतीबोलती फाईल होती. गोळ्यांची नावं, वजनाचे आकडे, रक्ताचे रिपोर्ट, सगळं तोंडपाठ. पहाटे कळंबच्या स्टँडवर एसटीत चढताना तिच्या हातात ती निळी प्लास्टिकची पिशवी असायचीच. ड्रायव्हरच्या मागची सीट धरायची, आणि पोरानं नुसतं मागे वळून बघितलं की ही गाडी थांबवायला सांगणार. ड्रायव्हर-कंडक्टरही थांबवायचे. (एसटीला नावं ठेवणाऱ्यांनी हेही लिहून ठेवावं.)

मग तो सोळा पूर्ण व्हायच्या बेतात असताना एका खेपेला केसपेपरच्या खिडकीतून सांगण्यात आलं, "आता हा मोठा झाला, पुढच्या वेळी मोठ्यांच्या ओपीडीत जा." बस, एवढंच. ना चिठ्ठी, ना त्या नव्या डॉक्टरांचं नाव. ज्या बाईंनी पाच वर्षं त्याला तपासलं त्यांचा निरोप घेणंही झालं नाही.

नव्या ओपीडीत मी सोबत होतो. डॉक्टरांनी पोराकडे बघून विचारलं, "काय त्रास होतो?" पोरानं आईकडे बघितलं. आई सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "ताई, त्याला बोलू द्या." आणि तो गप्प. कोणत्या गोळ्या चालू आहेत? "एक पिवळी आणि एक लाल." आजाराचं नाव? मान खाली. दहावीला ब्याण्णव टक्के पडलेलं पोर होतं हे! पेशीचं चित्र काढून भागांना नावं देणारं. पण स्वतःच्या आतड्याबद्दल त्याला कोणी कधी काही शिकवलंच नव्हतं.

डॉक्टरांना दोष देणार नाही. बाहेर शंभर माणसं रांगेत. त्यांनी फाईल उलटीपालटी केली आणि अर्ध्या तपासण्या पुन्हा लिहून दिल्या.

इथे वयाच्या रेषेबद्दल थोडं. एसटीत १२ वर्षांपर्यंत हाफ तिकीट, पुढे फुल. आपल्या बऱ्याच सरकारी दवाखान्यांतही लहान मुलांचा वॉर्ड बाराच्या आसपास संपतो. बालरोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना म्हणते, १८ पर्यंत मूल आमचं. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी वेगळा नियम. सरकारी कार्यक्रम बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, तो १८ वर्षांपर्यंत. त्याच्या आजारांच्या यादीत हा आजार नाही. २०१४ चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याची आपल्याकडे 'मैत्री' केंद्रं आहेत, तो १० ते १९ वयाचा. दोन्ही चांगले कार्यक्रम आहेत. पण रेषा ओलांडल्यावर मुलाचा हात कोणाच्या हातात द्यायचा, हे अशा आजारांसाठी कुठेच ठरलेलं नाही.

आणि मला तर वाटतं, आमच्या भागात ही रेषा १२ ची नाही आणि १८ चीही नाही. ती दहावीच्या निकालाची आहे. कळंबचं हुशार पोर दहावी झालं की लातूरला जातं. 'लातूर पॅटर्न'. अकरावी-बारावी, क्लासेस, होस्टेल नाहीतर कॉट बेसिसवर खोली, आणि मेसचा डबा. म्हणजे ज्या महिन्यात दवाखाना बदलतो, साधारण त्याच महिन्यात आईही सुटते. इंग्लंड-अमेरिकेतल्या पोराला निदान दोन वर्षं तरी मिळतात. आमच्याकडे सगळं एका जूनमध्ये.

भाच्याचं तेच झालं. सहा मुलांत एक संडास, सकाळी रांग. पाणी कमी प्यायला लागला, डबा अर्धा टाकायला लागला, का तर जावं लागू नये म्हणून. गोळ्या बॅगच्या तळाशी, कारण रूममेट विचारतील. तसं बरंही वाटत होतं, मग कशाला घ्यायच्या? दोन-तीनदा डोकं दुखलं तेव्हा मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतली. त्यातल्या काही गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, या आजारात उसळी आणू शकतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. नोव्हेंबरात रक्त पडायला लागलं. घरी सांगितलं जानेवारीत! आठ किलो वजन गेलं, अॅडमिट, स्टेरॉइड, तोंड सुजून वाटोळं. सहामाही गेली आणि अकरावीचं वर्षही जवळजवळ गेलंच.

घरात सगळे म्हणाले, पोरगं बेजबाबदार निघालं. मला हे अजिबात पटलं नाही. सोळा वर्षं ज्याच्या तोंडात गोळी आणि पाण्याचा पेला आईनं दिला, त्याच्याकडून एका आठवड्यात जबाबदारीची अपेक्षा करायची? सायकल शिकवतानाही आपण मागून कॅरिअर धरून पळतो. मग हळूच सोडतो. इथे धरलं ते घट्ट धरलं, आणि सोडलं ते एकदम उतारावर.

मग मी वाचायला लागलो. (रिकामटेकड्या मामाला दुसरं काम काय!) तर कळलं की जगात यावर चांगला विचार झालेला आहे. १९९३ मध्येच अमेरिकेतल्या किशोरवयीनांच्या डॉक्टरांच्या संघटनेने मांडलं होतं की मुलांच्या दवाखान्यातून मोठ्यांच्या दवाखान्यात जाणं हे हेतुपूर्वक आणि आखून व्हायला हवं. नुसती फाईल पाठवणं वेगळं आणि माणूस तयार करणं वेगळं. इंग्लंडमध्ये 'नाइस' ही संस्था डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढते. तिने २०१६ मध्ये सांगितलं की तयारी १३-१४ व्या वर्षी सुरू करा. आणि प्रत्येक मुलामागे एक ठरलेला माणूस असावा. बदलाच्या आधी निदान सहा महिने आणि नंतर निदान सहा महिने. नर्स असेल, डॉक्टर असेल, कोणीही. पण त्याचं नाव मुलाला माहीत पाहिजे.

हा 'ठरलेला माणूस' मला फार आवडला. कारण यासाठी एमआरआय मशीन लागत नाही, इमारत लागत नाही.

तरी तिकडचं सगळं जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणणार नाही. तिकडे आदर्श असा की १८ व्या वर्षी पेशंट एकटा डॉक्टरांसमोर बसतो. आपल्याकडे चाळिशीच्या माणसासोबतही दवाखान्यात तिघं जातात, आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही. जन्मभराच्या आजारात सोबत हे मोठं औषध आहे. आईनं बाहेर जाऊ नये, फक्त खुर्ची बदलावी. आजवर ती पुढच्या खुर्चीवर बसून बोलत होती. आता पोरानं पुढे बसावं, तिनं मागे बसून ऐकावं, आणि राहिलंच काही तर शेवटी भर घालावी. मात्र मधली पाच मिनिटं तिनं खरोखरच बाहेर जावं. सिगारेट, दारू, उदासी, लग्नाची भीती, या गोष्टी कोणतंही पोर आईसमोर बोलत नाही. आणि डॉक्टरांना त्या कळायला हव्यात. सिगारेटने क्रोन्स बळावतो, हे तर पक्कं ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मी चपापलोच. या कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचा बराच भाग धरलेला असेल तर पुढे कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. म्हणून आजार सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी दुर्बिणीची तपासणी सुरू करायची असते, बरं वाटत असलं तरी. आता हिशोब करा. अकराव्या वर्षी सुरू झालं तर एकोणीस. म्हणजे जुने डॉक्टर सुटलेले, नवे नीट धरलेले नाहीत, पोर कुठल्यातरी होस्टेलवर. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी आठवण करून द्यायला हवी! कोण देणार?

मुलींचं तर आणखी अवघड. आजार लपवून लग्न लावायचं ही आपल्याकडची रीत. मग सासरी गोळ्या लपवून घ्यायच्या, म्हणजे काही दिवसांनी बंदच करायच्या. खरं तर आजार काही महिने शांत ठेवून, औषधं डॉक्टरांशी बोलून ठरवली तर या आजाराच्या बहुतेक मुलींना व्यवस्थित मुलं होतात. मेथोट्रेक्सेटसारखं एखादं औषध मात्र गर्भाला घातक असतं, ते आधीच बदलावं लागतं. हे त्या मुलीला लग्नाआधी माहीत हवं. तिच्या आईला माहीत असून भागत नाही, कारण आई सासरी जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की स्थळाला आजार सांगावा. जे स्थळ ऐकून परत जातं ते गेलेलंच बरं.

मग कळंबसारख्या गावात करायचं काय? मुलांच्या पोटाचे वेगळे तज्ज्ञ मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत. आपल्या गावात उपजिल्हा रुग्णालय. अंबाजोगाईला, लातूरला आणि आता धाराशिवलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण या आजाराचा खास दवाखाना जवळपास नाही. तरी काही गोष्टी घरबसल्या होतात. आम्ही केलेल्या सांगतो.

१. एक पान. आजाराचं नाव, कोणत्या वर्षी निदान झालं, आतड्याचा किती भाग धरलेला, टीबीची औषधं कधी झाली का, आजवर कोणती औषधं दिली, कोणती लागू पडली आणि कोणती सोसली नाहीत, शेवटची दुर्बीण कधी, लसी कोणत्या. एवढं एका पानावर, आणि त्याचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये. मुलांच्या डॉक्टरांकडून सही करून घ्या. जाड फाईल कोणी वाचत नाही, एक पान वाचतात.

२. गोळ्यांची नावं मुलाला पाठ. रंग नव्हे, नावं. आणि कोणती गोळी कशासाठी. त्याला हेही माहीत हवं की स्टेरॉइड मनाने एकदम बंद करायचं नसतं, अॅझाथायोप्रिनवर असताना ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं आणि ताप आला तर अंगावर काढायचा नसतो. फेरफार डॉक्टरांनाच विचारून.

३. सातवी-आठवीपासून एकेक काम सोपवा. आधी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरणं. मग मेडिकलमधून आणणं. मग डॉक्टरांची तारीख घेणं. दहावीपर्यंत सगळं त्याच्याकडे, आई फक्त बघणार.

४. घरचा डॉक्टर. आपल्या गल्लीतला, ज्याला पोराचं घरचं नाव माहीत आहे तो. दोन्ही दवाखान्यांमधला पूल तोच. त्याला ते एक पान द्या, सगळ्या बदलांची खबर द्या. शक्य असेल तर जुन्या डॉक्टरांशी एकदा फोनवर किंवा ई-संजीवनीवर बोलणं करून घ्या. हे फोनवरचं दाखवणं २०२० पासून नियमांत बसतं.

५. होस्टेल ठरवताना संडास बघा. हसू नका! क्लासचा निकाल बघतो तसं हेही बघायचं. आणि वॉर्डन किंवा एका मित्राला खरं काय ते सांगून ठेवायचं.

शेजारचंच एक उदाहरण सांगतो. छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था लहानपणीच मधुमेह झालेल्या मुलांसाठी काम करते. त्या आजारात तर रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. मराठवाड्यातली साध्या घरांतली मुलंही साखर तपासणं, इंजेक्शन घेणं शिकतात. म्हणजे आपली मुलं शिकू शकत नाहीत असं नाही, शिकवणारं कोणी असलं की शिकतात. आतड्याच्या आजारांसाठी असं काही मराठवाड्यात का होऊ नये? महिन्यातून एक दिवस, एका वैद्यकीय महाविद्यालयात, मुलांचे आणि मोठ्यांचे डॉक्टर एकाच खोलीत. नवीन पद नको, नवीन इमारत नको. एक टेबल आणि दोन खुर्च्या.

कोणी म्हणेल, देशात कुपोषण आहे, टीबी आहे, आणि तुम्ही या मूठभर पोरांचं काय घेऊन बसलात? प्रश्न बरोबर आहे. पण थॅलसेमियाची, हृदयाचं ऑपरेशन झालेली, फिट्स येणारी, मधुमेहाची, सगळी मुलं मोजा. पूर्वी यातली कितीतरी मोठी होईपर्यंत जगतच नव्हती. आता जगतात, ही केवढी चांगली गोष्ट आहे. पण मग त्यांच्या मोठं होण्याचा विचार नको का करायला? एकासाठी केलेली वाट सगळ्यांना उपयोगी पडेल.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच कोलायटिस होता, अगदी किशोरवयापासून. त्यापायी २००७ मध्ये त्यांनी पद सोडलं, नव्या औषधाने बरं वाटल्यावर २०१२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले, २०२० मध्ये पुन्हा त्याच कारणाने सोडलं. मधली आठ वर्षं देश चालवला. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, त्यांच्या बंगल्यात संडास किती असतील पण!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता तो एकोणीस वर्षांचा आहे. ठरलेला माणूस म्हणून सध्या मीच. महिन्याच्या एक तारखेला मी एकच प्रश्न विचारतो, "गोळ्या किती उरल्या?" तो आकडा सांगतो. बहीण अजून मधूनच न राहवून फोन करते, आणि तो चिडतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आठ वर्षांनंतरची ती तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तारीख त्यानेच घेतली. निळी पिशवी आता त्याच्या सॅकमध्ये असते.

तुमच्या घरात, शेजारात असं कोणी मूल असेल तर ते किती वर्षांचं आहे ते बघा. बारा झालेलं असेल तर आज संध्याकाळीच त्याला त्याच्या गोळीचं नाव विचारा. आणि काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा. कोणाला त्या एका पानाचा नमुना हवा असेल तर सांगा, पाठवतो.